बिडाची जुनी यंत्रे : लाकूडकामाच्या यंत्रांची पारख आणि दुरुस्ती

लाकूड कापण्याची, रंधण्याची, कातण्याची आणि खाचा पाडण्याची जी यंत्रे साधारण १८८० ते १९६० या काळात इंग्लंड-अमेरिकेत बनली, त्यांचा सांगाडा, टेबल, चाके आणि बेअरिंगची घरे बहुतेक बिडाची असत. बिडात अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. हे पापुद्रे कंपने शोषून घेतात. जड बिडाच्या टेबलात बसवलेले पाते त्यामुळे थरथरत नाही आणि रंधून निघालेल्या फळीवर लाटा उमटत नाहीत. त्याच पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळही असते. शंभर वर्षे भार सोसलेला भाग ट्रकमधून उतरवताना बसलेल्या एका धक्क्याने तुटतो. बेअरिंग, पट्टा, पाते, मोटर हे झिजणारे भाग पुन्हा मिळतात किंवा करून घेता येतात. तुटलेला किंवा हरवलेला ओतीव भाग मात्र सहजी मिळत नाही, कारण तो ओतणारा कारखाना बहुधा बंद पडलेला असतो. जुन्या यंत्राची पारख म्हणजे प्रथम त्याच्या बिडाची पारख.

या यंत्रांची सुरुवात जहाजबांधणीत झाली. सॅम्युअल बेंथम याने १७९३ मध्ये इंग्लंडमध्ये लाकूडकामाच्या यंत्रांचे विस्तृत पेटंट घेतले. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉडस्लीने बनवलेली यंत्रे बसली. शिडांच्या दोरांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या तिथे १८०८ च्या सुमारास वर्षाला १,३०,००० इतक्या निघू लागल्या. त्याच सुमारास विल्यम न्यूबेरीने बँडसॉचे, म्हणजे अखंड पट्टीच्या पात्याच्या करवतीचे, पेटंट घेतले, पण पात्याचा सांधा टिकेना. फ्रान्समध्ये १८४६ मध्ये क्रेपँ हिने पाते जोडण्याची पद्धत काढली आणि पेरँने ते यंत्र सुधारले, तेव्हा कुठे ते कामाचे झाले. विसावे शतक उजाडेपर्यंत सर्क्युलर सॉ, बँडसॉ, सरफेस प्लेनर, थिकनेसर, लेथ आणि मॉर्टायझर ही आजची सगळी कुटुंबे तयार झाली होती. नंतर बदलले ते मुख्यतः बेअरिंग, वीज आणि सुरक्षेची व्यवस्था.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या फे आणि ईगन या दोन कंपन्या १८९३ मध्ये एक झाल्या. फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रँड रॅपिड्स शहरात ऑलिव्हर आणि टॅनेविट्झ हे कारखाने होते. इंग्लंडमध्ये रॉचडेलचा रॉबिन्सन आणि १८९७ मध्ये लेस्टरला सुरू झालेला वॉडकिन यांचे नाव मोठे. ही सारी यंत्रे कारखान्यासाठी होती. मिलवॉकीत १९१९ मध्ये हर्बर्ट टाउत्झने सुरू केलेल्या डेल्टा कंपनीने घरगुती कार्यशाळेसाठी लहान यंत्रे काढली आणि वेगळाच ग्राहकवर्ग तयार केला. खरेदी करणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. कारखान्याचे यंत्र जड असते, तीन फेजवर चालते आणि बसवायला भक्कम कोबा मागते. घरगुती वापरणारे त्यापासून लांब राहतात, म्हणून त्याची किंमत पुष्कळदा भंगाराच्या भावाच्या आसपास येते. हलके घरगुती यंत्र जास्त लोकांना हवे असते आणि वजनाच्या मानाने महाग पडते. जागा आणि तीन फेजची सोय असेल, तर कारखान्याचे यंत्र घेणे केव्हाही शहाणपणाचे.

यंत्र कोणत्या काळातले, हे त्याच्या अंगावरच शोधावे लागते. अमेरिकन यंत्रांवर पेटंटच्या तारखा ओतलेल्या किंवा पट्टीवर कोरलेल्या सापडतात. त्यांतली सर्वांत अलीकडची तारीख म्हणजे यंत्राच्या जन्माची आधीची मर्यादा, कारण यंत्र त्या आधीचे असू शकत नाही, नंतरचे कितीही असू शकते. वॉडकिनच्या यंत्रांना प्रकारानुसार अक्षरे असत, जसे आरएस म्हणजे पॅटर्नमेकरचा लेथ, पीके म्हणजे सर्क्युलर सॉ, आणि अनुक्रमांक या अक्षरांसोबत ठोकलेला असे. बेअरिंगही काळ सांगतात. व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूच्या बेअरिंगवर चालणारे यंत्र सहसा १९२० च्या आधीच्या घडणीचे, बॉल बेअरिंगचे त्यानंतरचे. नटबोल्टही तपासावेत. ब्रिटिश यंत्रांवर व्हिटवर्थ आटे असतात. त्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा ६०. जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग बिडातले आटे खाऊन टाकतो. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट अजूनही सुतात मागितला जातो. इंचाचा आठवा भाग असलेले हे माप जुन्या ब्रिटिश यंत्रावर बिनचूक लागू पडते, फक्त आट्यांची जात विचारून घ्यावी.

पाहणीला जाताना टॉर्च, पोलादी सरळपट्टी, फीलर गेज, गुण्या आणि छोटी हातोडी एवढे पुरते. सुरुवात भेगांपासून. टेबलाखालच्या फासळ्या, पायांचे कान, बेअरिंगच्या टोप्या आणि बँडसॉच्या चाकांच्या आऱ्या या ठिकाणी बीड आधी तडकते. हातोडीने हलकेच टिचकी दिली की अखंड बीड घणघणते, तडकलेले बद्द वाजते. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. जाड रंगाचा थर किंवा वंगणाची काजळी भेग सहज लपवते, आणि जिथे रंगाचा वेगळा ठिगळासारखा पट्टा दिसतो तिथे आधीच्या कोणी तरी दुरुस्ती केलेली असते. पितळी ब्रेझिंग नीट केलेले असेल आणि भाग संथ कामाचा असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. फिरणाऱ्या चाकावरची भेग मात्र कोणत्याही दुरुस्तीने विश्वासाची होत नाही. अशा बँडसॉचा विचार सोडून द्यावा.

दुसरा प्रश्न हरवलेल्या भागांचा. सर्क्युलर सॉचे फेन्स आणि मायटर गेज, बँडसॉचे पाते सांभाळणारे गाइड, थिकनेसरचे प्रेशर बार आणि चिपब्रेकर, लेथची टेलस्टॉक हे सुटे भाग पूर्वीच वेगळे होऊन भंगारात गेलेले असतात. गोदामातल्या कोपऱ्यात शोध घेतला तर कधी कधी सापडतात, म्हणून सौदा ठरण्यापूर्वीच विचारावे. १९२० ते १९५० च्या काळातल्या स्वस्त यंत्रांत काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. त्यात शिशाची भेसळ राहिली असेल, तर धातू कणाकणांच्या सांध्यांतून सडतो, फुगतो, तडकतो आणि बोटाने तुकडे पडतात. अशा फुगलेल्या पुली किंवा हँडव्हील वाचवता येत नाहीत. दुसरीकडून आणावी लागतात.

मग झीज. शाफ्ट हाताने वर-खाली ढकलून पाहावा, कुठे खेळ जाणवतो का. पाते काढून आर्बरवर डायल गेज लावता आला तर उत्तम. त्यावर ०.०५ मिमीपेक्षा जास्त डोलणे दिसले तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. टेबलावर सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालची फट फीलर गेजने मोजावी. सर्क्युलर सॉच्या टेबलात ०.१ मिमीपर्यंतचा खोलगटपणा चालतो. सरफेस प्लेनरच्या बाबतीत तेवढी सवलत देऊ नये, कारण त्या टेबलांवरच लाकडाचा सरळपणा ठरतो. वरवरच्या गंजाने किंमत पाडावी, मन पाडू नये. केशरी धूळ एका दिवसात निघते. गंजाने खड्डे पडले असतील तरी टेबल सपाट राहिलेले असेल, तर काम अडत नाही.

जो चालू यंत्र विकतो, त्याच्याकडे ते चालवून पाहावे. पाते फिरत असताना सांगाड्याच्या पायावर हात ठेवून कंप जोखावा आणि वीज बंद केल्यावर शाफ्ट कसा थांबतो ते ऐकावे. खरखर म्हणजे बॉल बेअरिंगचा शेवट. अचानक थांबणे म्हणजे कोरडे बेअरिंग किंवा वाकलेला शाफ्ट. महाराष्ट्रात मोठा बँडसॉ घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. ओंडके कापणारी सॉ मिल चालवायला वनखात्याचा परवाना लागतो, आणि १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे नव्या परवान्यांवर कडक बंधने आहेत. फर्निचरचे लहान यंत्र आणि सॉ मिलचे यंत्र यांची सीमा कुठे पडते, हे स्थानिक वनखात्याकडून आधी कळले तर पुढचा मनस्ताप टळतो.

यंत्र हलवताना होणारे नुकसान पुष्कळदा झिजेच्या नुकसानाहून जास्त असते. बँडसॉचा भार वरच्या चाकाकडे असतो, म्हणून तो जरा कलला की कोसळतो. टेबल, फेन्स, मोटर आणि गार्ड आधी सोडवून वेगळे बांधावेत. उचलण्याचा पट्टा नेहमी मुख्य सांगाड्याभोवती घालावा. शाफ्ट, चाक किंवा टेबलाची कडा यांना दोर बांधून उचलू नये. चेन पुलीने यंत्र थोडे उचलून खाली जाड लाकडी ओंडके बोल्टने जोडावेत आणि मग ते लोखंडी पाइपांवर सरकवावे. हे काम करणारे जुने हमाल यंत्राला हात लावण्याआधी त्याभोवती एक फेरी मारतात आणि वजन कुठे आहे ते पाहतात. त्यांना घाई करायला लावू नये.

कार्यशाळेत आल्यावर खोलण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घ्यावेत. बेअरिंगच्या टोप्यांखालच्या पातळ शिमांची जागा आणि संख्या लिहून ठेवावी, त्या हरवल्या तर शाफ्ट कधीच नीट बसत नाही. अडकलेल्या बोल्टवर जोर लावण्यापेक्षा भेदक तेल, एक रात्र आणि नटाला गॅसच्या ज्योतीची उष्णता यांनी काम होते. जुन्या रंगात शिसे असते हे गृहीत धरावे. कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. रंगनाशक लावून ओला असतानाच खरवडावा आणि खरवड वेगळी गोळा करावी. जुन्या स्टार्टरच्या आणि ब्रेकच्या आतल्या पट्ट्या ॲसबेस्टॉसच्या असू शकतात. त्याही घासू किंवा फुंकू नयेत.

गंज काढायला लहान भागांसाठी विद्युत पद्धत सोपी आहे. प्लॅस्टिकच्या टाकीत दहा लिटर पाण्याला मोठे तीन चमचे धुण्याचा सोडा घालतात. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगार लोखंडाची पत्री धन टोकाला. काही तासांत गंज सुटा होतो आणि मूळ धातू झिजत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघत असल्याने खोली हवेशीर हवी आणि ठिणगी नको. कडक केलेली पाती आणि स्प्रिंग या टाकीत टाकू नयेत, हायड्रोजनने ती ठिसूळ होतात. टेबलाला मात्र रॉकेल, तासणीचे पाते आणि बारीक पॉलिश पेपर एवढेच पुरे. चकचकीतपणासाठी टेबल ग्राइंडिंगला पाठवणे हा निव्वळ अपव्यय. सरळपट्टीने दोष दाखवला तरच ते करावे.

सगळ्यात कौशल्याचे काम व्हाइट मेटलच्या बेअरिंगचे. अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये काढलेल्या या बेअरिंगच्या धातूत आज प्रचलित असलेल्या एका मिश्रणात ८९ टक्के कथील, ७.५ टक्के अँटिमनी आणि ३.५ टक्के तांबे असते. मऊ कथिलात अँटिमनी आणि तांब्याचे कठीण कण रुतलेले असतात. कठीण कण शाफ्टचा भार घेतात, आणि तेलातून कचरा आला तर मऊ धातू तो पोटात घेतो व शाफ्टवर ओरखडा येऊ देत नाही. म्हणून व्हाइट मेटल दिसताच बॉल बेअरिंग बसवण्याची घाई चुकीची आहे. बेअरिंग शाबूत असेल आणि खेळ थोडा वाढला असेल, तर टोपीखालची एक पातळ शिम काढली की ते पुन्हा कित्येक वर्षे चालते. शाफ्टच्या दर इंच व्यासाला हजारांश इंच, म्हणजे साधारण ०.०२५ मिमी फट, हे मोजमाप फिटरच्या पिढ्यांनी पाळले आहे.

बेअरिंग खरोखर गेले असेल, तर नव्याने ओतावे लागते. जुना धातू वितळवून काढून घर स्वच्छ केले जाते. शाफ्ट त्याच्या नेमक्या जागी, दोन्ही टोकांना आधार देऊन, पातळीत बसवला जातो. शाफ्टला मेणबत्तीची काजळी चढवतात, म्हणजे धातू त्याला चिकटत नाही. फटी मातीसारख्या लगद्याने लिंपून बंद करतात. घर आणि शाफ्ट आधी तापवणे अत्यावश्यक आहे. ओलाव्याचा थेंबही राहिला, तर त्याची वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. हे काम चष्मा, फेस शील्ड आणि जाड हातमोजे घालूनच करायचे. वरील मिश्रण साधारण २४१ अंश सेल्सिअसला वितळू लागते, पण ओतताना ते ४२५ अंशांच्या जवळ लागते. थर्मामीटर नसेल तर वाळलेल्या पाइनची काडी बुडवतात. ती तपकिरी-काळी झाली पण पेटली नाही, तर तापमान योग्य. धातू एका दमात, न थांबता ओतला पाहिजे. थांबून ओतलेल्यात दोन थर वेगळे राहतात. गार झाल्यावर शाफ्टला निळा रंग लावून फिरवतात. जिथे निळा डाग उमटतो तिथे स्क्रेपरने तेवढाच धातू खरवडायचा, पुन्हा शाफ्ट बसवायचा, पुन्हा पाहायचे. पृष्ठभागावर सर्वत्र सारखे डाग उमटेपर्यंत हे चालते, आणि एका बेअरिंगला सबंध दिवस लागणे स्वाभाविक आहे. शेवटी तेलाच्या खाचा कोरतात. व्हाइट मेटलच्या काही प्रकारांत शिसेही असते, त्यामुळे वितळवण्याचे काम उघड्या हवेतच करावे.

बॉल बेअरिंगचे यंत्र याहून सोपे. बेअरिंगवरच्या आकड्यांतून माप कळते. ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की आतला व्यास मिलिमीटरमध्ये येतो, म्हणजे ६२०५ चा २५ मिमी. नवे बेअरिंग तेलात किंवा ओव्हनमध्ये शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवावे. ठोकायचेच झाले तर आतल्या कड्यावर नळी टेकवून ठोकावे. बाहेरच्या कड्यावर घाव घातला तर गोळ्यांच्या वाटा डागाळतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करते.

तुटलेला किंवा हरवलेला ओतीव भाग नवा करून घ्यायचा झाला, तर पॅटर्न लागतो. कोल्हापूरच्या फौंड्रींसारख्या ठिकाणी अशी एक-दोन नगांची कामेही करून देणारे सापडतात. बीड थंड होताना आकसते, साधारण फुटाला एक सूत. म्हणून तुटलेले तुकडे सांधून त्यांचाच साचा केला, तर नवा भाग त्या मापाने लहान निघतो. पॅटर्न मोठा करून, मशिनिंगसाठी वाढावा ठेवून लाकडात कोरावा लागतो. तडकलेल्या बिडाचे वेल्डिंग निकेलच्या रॉडने, आधी सगळा भाग एकसारखा तापवून आणि नंतर राखेत हळूहळू निववून करतात. थंड बिडावर घाईने मारलेला टाका दुसऱ्या दिवशी शेजारूनच फुटतो.

जुळवणीत भूमिती आधी, सौंदर्य नंतर. सरफेस प्लेनरची दोन्ही टेबले एकमेकांना समांतर असून मागचे टेबल पात्याच्या सर्वोच्च बिंदूच्या बरोबर रेषेत हवे. टेबले ज्यांवर सरकतात त्या उतरत्या खाचांमध्ये झीज असेल तर पातळ शिम घालून ती भरून काढतात. सर्क्युलर सॉमध्ये मायटरची खाच पात्याला समांतर हवी, आणि फेन्स त्या खाचेला. बँडसॉमध्ये दोन्ही चाके एका प्रतलात आणि त्यांच्यावरचे रबर मधोमध किंचित उंच हवे, म्हणजे पाते मध्यावर राहते.

विजेच्या बाबतीत अमेरिकन यंत्राचा हिशेब वेगळा पडतो. तिथल्या ६० हर्ट्झवर १,७२५ फेरे घेणारी मोटर आपल्या ५० हर्ट्झवर साधारण १,४४० फेरे घेते आणि जास्त तापते. भारतीय मोटर बसवायची तर मोटरची पुली सुमारे २० टक्के मोठी करावी लागते. पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास राहिला की काम सुरळीत होते. ३०० मिमीच्या पात्यासाठी ते मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे होतात, ६०० मिमीच्या पात्यासाठी १,६००. जिथे तीन फेज नाही तिथे व्हीएफडीने (विजेची वारंवारता बदलणाऱ्या उपकरणाने) एका फेजवर तीन फेजची मोटर चालते. मात्र तिच्या पट्टीवर २३० व्होल्ट डेल्टाची सोय दाखवलेली असली पाहिजे. जुन्या मोटरचे वाइंडिंग इन्सुलेशन तपासल्याशिवाय वीज जोडू नये.

सुरक्षेची साधने बहुतेक यंत्रांत मुळातच नसत. ती नव्याने घालणे हाच दुरुस्तीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. चौकोनी कटर ब्लॉकचा सरफेस प्लेनर घेऊच नये, किंवा घेतला तर ब्लॉक आधी बदलावा. चौकोनी ब्लॉकच्या कोपऱ्यांमधल्या मोठ्या पोकळीत बोटे ओढली जातात आणि उघड्या बोल्टवर धरलेली पाती उडतात. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनीच हाताने लाकूड सरकवायच्या प्लेनरला गोल ब्लॉक सक्तीचा केला. सर्क्युलर सॉला पात्यामागे रायव्हिंग नाइफ आणि वर गार्ड, पट्ट्यांवर झाकणे, वीज गेल्यावर पुन्हा आपोआप सुरू न होणारा स्टार्टर, आणि गुडघ्याने दाबता येईल असे मोठे लाल बटण हवे. रंग लावायचा तो या सगळ्यानंतर. मूळ रंगाचा एखादा जपलेला कोपरा आतल्या बाजूला राहू द्यावा, पुढच्या दुरुस्तीला तो पुरावा ठरतो.

पहिल्यांदा यंत्र पाते न लावता चालवावे. पाच मिनिटांनी बंद करून बेअरिंगवर हात ठेवावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर शिम जास्त आवळल्या आहेत. मग अर्धा तास, मग दोन तास, दर वेळी तेल पाहत. त्यानंतर पाते लावून मऊ, कोरडे लाकूड द्यावे. पहिल्या काही तासांत बिडाच्या सांध्यांतले बोल्ट थोडे सैल होतात, ते पुन्हा आवळावेत आणि टेबलाची समांतरता पुन्हा मोजावी. व्हाइट मेटलच्या बेअरिंगला पहिल्या महिन्यात रोज काम सुरू करण्याआधी तेल घालावे आणि महिनाअखेर टोपी उघडून डाग पाहावेत. कुठे चमकदार, घासलेली जागा दिसली, तर तेवढीच स्क्रेप करून टोपी त्याच शिमांसह बंद करावी.